काकडीचा माळ, ओझरची धावपट्टी

सकाळी सात वाजायच्या बेताला नाशिकच्या अंबडमधल्या गरवारे पॉइंटवर मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला उभं राहावं. पहिल्या पाळीला निघालेल्या कामगारांच्या दुचाकी आणि कंपन्यांच्या बस औद्योगिक वसाहतीकडे वळत असतात. त्यांच्यामधून वाट काढत आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकच्या नंबरप्लेट असलेले टेम्पो ट्रॅव्हलर जातात. टपावर ताडपत्रीखाली सामान, काचेवर साईबाबांचा फोटो, आत झोपमोड झालेली मुलं. त्र्यंबकेश्वर, पंचवटी, सप्तशृंगी आणि शेवटी शिर्डी, असा त्यांचा क्रम ठरलेला. रामनवमीच्या आधी मुंबईहून पायी निघालेल्या पालख्या घोटी-सिन्नरच्या अंगाने शिर्डी गाठतात, तेव्हा या जिल्ह्याचे सगळेच रस्ते साईनामाने भरून जातात.

अंबडकरांना ही गर्दी नवी नाही. नवी आहे ती दुसरी गोष्ट. याच टापूतून शिर्डीला किंवा त्र्यंबकला निघालेल्या भाविकापुढे आज दोन विमानतळांचा पर्याय असतो. शहर ओलांडून आडगावच्या पुढे ओझर, आणि सिन्नरमार्गे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात शिरलं की कोपरगाव तालुक्यातलं काकडी. दोहोंमध्ये शंभर किलोमीटरही अंतर नाही. एक विमानतळ लढाऊ विमानांच्या कारखान्यासाठी जन्मला आणि त्याला प्रवासी नंतर शोधावे लागले. दुसरा केवळ देवदर्शनासाठी कोरड्या माळावर नव्याने उभा राहिला. ‘यात्रा’ हा विषय घेऊन या दोन ठिकाणांकडे पाहिलं, की तीर्थक्षेत्रासाठी विमानतळ आखताना नेमकं काय काय मोजावं लागतं आणि काय मोजायचं राहून जातं, ते फार स्पष्ट दिसतं.

तयार धावपट्टी, रिकामी इमारत

ओझरची धावपट्टी यात्रेकरूंसाठी बांधलेली नाही. 1964 मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडचा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एचएएलचा, मिग विमानांचा कारखाना इथे सुरू झाला. पुढे सुखोई-30 एमकेआय इथेच जोडली जाऊ लागली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नाशिकमध्ये तयार झालेल्या तेजस मार्क-1ए ने इथूनच पहिलं उड्डाण केलं. तीन किलोमीटर लांबीची भक्कम धावपट्टी, स्वतःचं हवाई नियंत्रण, अग्निशमन दल असं सगळं हाताशी होतं. नव्हती ती फक्त प्रवाशांची इमारत. राज्य सरकारने सुमारे 84 कोटी रुपये खर्चून ती बांधली आणि 2014 मध्ये तिचं उद्घाटन झालं.

त्यानंतर जवळजवळ काहीच घडलं नाही. सरकत्या पट्ट्यांची, काचेच्या दर्शनी भागाची ती देखणी इमारत नियमित विमानाची वाट पाहत राहिली. डिसेंबर 2017 मध्ये उडान योजनेत एकोणीस आसनी छोटं विमान मुंबईकडे उडालं, पण ती सेवा टिकली नाही. 2018 मध्ये जेट एअरवेजची दिल्लीची थेट सेवा सुरू झाली. तिला प्रतिसादही चांगला होता, परंतु 2019 च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेजच जमिनीवर आली आणि तो धागाही तुटला. त्या काळात ओझरच्या मालवाहतूक केंद्रातून 2018 मध्ये शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला गेल्या, त्याची मात्र खूप चर्चा झाली. मार्च 2023 मध्ये इंडिगो आली आणि गोवा, अहमदाबाद, नागपूर, हैदराबाद, इंदूर, दिल्ली असा जम हळूहळू बसत गेला.

ही सेवा यावी म्हणून नाशिकच्या उद्योजकांनी, निमा आणि अंबडची आयमा या संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. त्यांची निकड समजण्यासारखी आहे. अंबड-सातपूरमध्ये विजेची उपकरणं, वाहनांचे सुटे भाग आणि यंत्रभाग बनवणाऱ्या कारखान्याचा ग्राहक गुरुग्रामला किंवा परदेशात असतो. त्याला सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचं असतं. मुंबई विमानतळावर उतरून कसारा घाट चढत येण्यात त्याचा अर्धा दिवस जातो.

उद्योजक प्रवासी वर्षभर असतो, पण तो विखुरलेला असतो. एका दिवशी बारा जण, दुसऱ्या दिवशी तीस. 180 आसनांचं विमान रोज भरायचं तर त्याच्या जोडीला दुसरं कुणी तरी हवं असतं. ते दुसरं कुणी तरी म्हणजे त्र्यंबक-पंचवटीला येणारा भाविक. ओझरला हे जमायला जवळपास दशक लागलं.

माळावर उतरलेलं विमान

नाशिकहून सिन्नर, वावी, पाथरे करत शिर्डीच्या रस्त्याला लागलं की गोदावरीच्या कालव्यांवर पोसलेला ऊस दिसू लागतो. विमानतळासाठी मात्र हा हिरवा पट्टा सोडून दक्षिणेच्या जिरायती माळाकडे वळावं लागतं. मुरमाड जमीन, बाजरी, कांद्याचे तुकडे, बाभळी, आणि मग अचानक उंच कुंपण. शिर्डीपासून सुमारे 14 किलोमीटरवरच्या या काकडी गावाच्या शिवारात सुमारे 400 हेक्टरांवर विमानतळ पसरला आहे. तो उभारला महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने, म्हणजे राज्य सरकारच्याच कंपनीने. सुरुवातीच्या सुमारे 340 कोटींच्या खर्चात साईबाबा संस्थानचा वाटा 50 कोटींचा होता. देवस्थानाने विमानतळाच्या खर्चाचा असा भार उचलणं आपल्याकडे दुर्मीळच.

विमानतळ देवळाजवळ का नाही, हा प्रश्न प्रत्येक भाविकाच्या मनात येतो. धावपट्टीची जागा देवळाकडे पाहून ठरवता येत नाही. तिचा पहिला मालक वारा. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरं जाऊन उतरतं आणि उडतं, म्हणून वर्षभरातल्या वाऱ्याच्या नोंदी पाहून पट्टीची दिशा ठरते. काकडीची पट्टी पूर्व-पश्चिम आहे. दुसरी अट मोकळ्या आकाशाची. पट्टीच्या दोन्ही टोकांपासून कित्येक किलोमीटरपर्यंत एक कल्पित उतार धरतात, त्याच्या वर डोंगर, मनोरा, चिमणी, विजेचा खांब काहीही येता कामा नये. तिसरी अट जमिनीची. तीन-चार किलोमीटर लांबीचा जवळपास सपाट, सलग तुकडा हवा आणि त्यात शक्यतो बागायत नको. या तिन्ही चाळण्यांतून गाळत गेलं की शिर्डीच्या आसपास पाटपाण्याच्या उसापेक्षा काकडीचा माळच वर येतो.

कागदावरची वाटही लांब असते. नव्या विमानतळासाठी केंद्राचं 2008 चं हरितक्षेत्र विमानतळ धोरण लागू होतं. आधी जागेला मंजुरी, मग तत्त्वतः मान्यता, त्यानंतर पर्यावरण परवानगी, संरक्षण खात्याची ना हरकत आणि शेवटी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा परवाना. जुन्या नागरी विमानतळापासून 150 किलोमीटरच्या आत नवा विमानतळ हवा असेल, तर त्याचा जुन्यावर काय परिणाम होईल हे केंद्र प्रत्येक प्रकरणात स्वतंत्रपणे तपासतं. ओझर आणि काकडी या कक्षेत एकमेकांना छेदतात. म्हणूनच दोघांचं भवितव्य वेगवेगळं पाहून चालत नाही.

काकडीला परवाना मिळाला सप्टेंबर 2017 मध्ये. साईबाबांनी देह ठेवला 15 ऑक्टोबर 1918 रोजी, विजयादशमीच्या दिवशी. समाधी शताब्दीचं वर्ष तोंडावर होतं. 1 ऑक्टोबर 2017 रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईकडे पहिलं विमान उडालं. उत्सवाची तारीख हलत नसते, त्यामुळे बांधकामाला तिच्याशी जुळवून घ्यावं लागलं. पहिल्या दिवशी काकडीत पट्टी होती 2500 मीटरची, प्रवासी इमारत 2750 चौरस मीटरची, विमानं उभी करायच्या फरशीवर मोजक्या विमानांची सोय. रात्री विमान उतरवण्याची सोय नव्हती.

पाच किलोमीटरची नजर

उरलेल्या कामांची किंमत लवकरच कळली. सुरुवातीच्या काळात काकडीत विमान उतरायचं ते वैमानिकाच्या नजरेवर. म्हणजे आकाश स्वच्छ हवं आणि किमान पाच किलोमीटर अंतरावरचं दिसायला हवं. हिवाळ्यात नगरच्या माळावर सकाळचं धुकं आणि धूळ यांची चादर पसरते. 2019 च्या नोव्हेंबरात दृश्यमानता पुरेशी नसल्याने काकडीची विमानसेवा काही आठवडे ठप्प झाली. हैदराबाद, चेन्नई, बंगळूरहून निघणाऱ्या भाविकांना तिकिटं बदलून मुंबई-पुण्याची वाट धरावी लागली. त्याच वर्षी एप्रिलअखेर उतरणारं एक विमान पट्टीच्या टोकापलीकडे घसरलं. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही, पण त्या पट्टीवरची ये-जा काही काळ थांबली. एकाच पट्टीच्या विमानतळावर एक चाक रुतलं की सगळं गाव बंद पडतं.

पट्टीच्या लांबीचा प्रश्नही इथेच येतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हवा विरळ होते, विमानाला उचल घ्यायला जास्त धाव लागते. पट्टी तोकडी असेल तर कंपनी वजन कमी करते, म्हणजे काही जागा रिकाम्या ठेवते किंवा सामान मागे ठेवते. भरलेलं विमान भर दुपारी लांबच्या शहराकडे न्यायचं असेल तर पट्टी लांब हवी. म्हणून ती 3200 मीटरपर्यंत वाढवण्याचं काम हाती घेतलं गेलं.

रात्रीचे दिवे मात्र भाविकासाठी खरा बदल घडवून गेले. एप्रिल 2023 मध्ये काकडीत रात्रीचं पहिलं प्रवासी विमान उतरलं. शिर्डीचं घड्याळ पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत चालतं. दिवसाच विमान असेल तर नोकरदार कुटुंबाचा एक कामाचा दिवस येण्यात आणि एक जाण्यात जातो. संध्याकाळी कार्यालय सुटल्यावर निघून रात्री उतरता आलं, तर पहाटेची आरती करून दुपारी परतता येतं. एका दिव्यांच्या रांगेने यात्रेचा एक दिवस वाचतो.

उतरल्यानंतरचे चौदा किलोमीटर

विमानतळाच्या आखणीत धावपट्टीला नकाशा असतो, इमारतीला आराखडा असतो. दारापासून देवळापर्यंतच्या वाटेला बहुधा दोन्ही नसतात. काकडीच्या आगमनाच्या दारात उभं राहिलं की हे डोळ्यांनी दिसतं. चालक तेलुगू, तमिळ, इंग्रजीत लिहिलेल्या नावांच्या पाट्या धरून उभे असतात. बाहेर येणाऱ्यांत म्हातारी माणसं पुष्कळ. गुडघे धरत, नातवाचा हात पकडत ती येतात. त्यांची पहिली विचारणा हॉटेलची नसते, दर्शनाच्या वेळेची असते. संस्थानाच्या संकेतस्थळावरून दर्शनाचा आणि आरतीचा पास ठरावीक वेळेचा घेतलेला असतो. विमानाला दोन तास उशीर झाला तर तो पास हातात राहतो आणि वेळ निघून जाते.

एकाच वेळी दीडशे-पावणेदोनशे माणसं बाहेर पडतात, मग तासभर कुणीच नाही. गावातली साधी एसटी अशा लाटेच्या वेळापत्रकावर चालत नाही. मग सगळा भार टॅक्सीवर येतो. एकट्या माणसाला चौदा किलोमीटरचं भाडं तिकिटाच्या मानाने जड वाटतं. सहा जणांच्या कुटुंबाने मात्र शनिशिंगणापूर, त्र्यंबक, घृष्णेश्वर अशी दोन दिवसांची गाडीच ठरवलेली असते. म्हणजे या विमानतळाच्या जिवावर टॅक्सीचालकाचा धंदा उभा राहतो तो शिर्डीच्या फेरीवर नाही, तर पुढच्या तीर्थांच्या साखळीवर.

परतीच्या वाटेवर आणखी एक बारीकशी गोष्ट. तपासणीच्या यंत्रासमोर पिशव्या उघडतात तेव्हा लाडवांची पाकिटं निघतात, उदीच्या पुड्या निघतात आणि हमखास निघतं खोबरं. सुकं खोबरं तेलकट आणि ज्वलनशील म्हणून विमानाच्या सामानात निषिद्ध आहे, हे भाविकाला देवळाच्या दारात कुणीच सांगितलेलं नसतं. केरळमध्ये शबरीमलेच्या भक्तांना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ विमानात जवळ ठेवता यावा, म्हणून 2024-25 च्या हंगामात नागरी विमान सुरक्षा विभागाने तात्पुरती सूट दिली होती. देवाला वाहिलेली वस्तू कचऱ्याच्या डब्यात टाकताना माणसाचा जीव तुटतो. तीर्थाच्या विमानतळावर अशा वस्तूंसाठी एखादी सन्मानाची सोय, निदान देवस्थानाच्या प्रसाद काउंटरवर दोन ओळींची सूचना, ही आखणीचाच भाग असायला हवी.

ऑक्टोबर 2024 मध्ये काकडीच्या नव्या, मोठ्या प्रवासी इमारतीची पायाभरणी झाली. 645 कोटींहून अधिक खर्चाच्या या इमारतीची कल्पना साईबाबांच्या कडुलिंबावर बेतली आहे. इमारत देखणी होईल यात शंका नाही. तिच्या दारात थेट देवळाच्या रांगेपर्यंत नेणारी, विमानाच्या वेळेशी बांधलेली बस उभी राहिली, तर त्या म्हाताऱ्या माणसांना तिचा खरा उपयोग होईल.

ज्यांनी जमीन दिली

अंबडच्या माणसाला काकडीचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. अंबडची शेती आधी औद्योगिक वसाहतीने आणि सिडकोच्या घरकुलांनी घेतली. गावठाण आज चहूबाजूंनी कारखाने आणि सिडकोच्या कॉलन्यांनी वेढलेलं आहे. शेतकऱ्याचा मुलगा कारखान्यात लागला की नाही, मोबदला कोणत्या दराने मिळाला, गावाच्या रस्त्याचं काय झालं, हे प्रश्न इथे दोन पिढ्या चघळले गेले.

काकडीत तेच प्रश्न आता विमानतळाभोवती फिरतात. ज्यांची शिवारं कुंपणाच्या आत गेली, त्या घरांतल्या मुलांना नोकरी, गावाच्या नागरी सुविधा आणि ग्रामपंचायतीचा विमानतळाकडे थकलेला कर या मागण्या वारंवार पुढे आल्या आहेत. थकलेल्या कराचा प्रश्न नुसत्या हिशेबाचा नाही. धावपट्टीच्या शेजारच्या गावाला नळ, गटार, दिवे, रस्ता द्यायचा तो याच करातून.

पाण्याची गोष्ट तर आणखी जुनी. अकोले तालुक्यात प्रवरेवर निळवंडे धरण झालं, पण कालव्यांसाठी या जिरायती गावांनी दशकानुदशकं वाट पाहिली. 2023 च्या मेअखेर डाव्या कालव्यात चाचणीसाठी पाणी सोडलं गेलं आणि 26 ऑक्टोबर 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. म्हणजे या टापूने आकाशातून उतरणारं विमान 2017 मध्ये पाहिलं आणि कालव्याचं पाणी सहा वर्षांनी. आखणी करणाऱ्या दोन खात्यांनी एकमेकांशी बोलायचं ठरवलं असतं, तर जमिनीच्या मोबदल्याबरोबर पाण्याचीही हमी देता आली असती. जमीन देणाऱ्याला ती हमी धनादेशाइतकीच मोलाची असते.

यात्रेच्या विमानतळाला गावाचं भलं करण्याची संधी इतर विमानतळांपेक्षा जास्त असते. प्रवाशाला हार, फुलं, चहा, जेवण, मुक्कामाची खोली, गाडी लागतेच. हे सगळं शिर्डीतच जाऊन मिळावं असं काही नाही. दुकानांचे गाळे, वाहनतळ, बागकाम, साफसफाई, टॅक्सीचे परवाने यांत काकडी आणि शेजारच्या गावांच्या बचत गटांना, तरुणांना ठरावीक वाटा देता येतो. तो निविदेच्या अटींतच लिहिलेला असावा लागतो. नंतर आंदोलन करून मागितला, तर मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी.

इतर देवस्थानांच्या दारात

काकडीचा अनुभव एकटा नाही. 2008 मध्ये नांदेडला शिखांच्या गुरु-ता-गद्दीचं त्रिशताब्दी वर्ष होतं. त्या निमित्ताने शहराचे रस्ते, घाट आणि विमानतळ यांना नवं रूप आलं. सोहळा संपला, विमानसेवा मात्र पुढे कधी चालू, कधी बंद अशी राहिली. 27 एप्रिल 2017 रोजी उडान योजनेची सुरुवात झाली, तेव्हा पहिल्या काही मार्गांत नांदेड-हैदराबाद होता. या योजनेत ठरावीक जागांच्या भाड्यावर मर्यादा असते आणि कंपनीचा तोटा केंद्र आणि राज्य मिळून भरून काढतात. सवलतीची मुदत साधारण तीन वर्षांची. मुदत संपल्यावर विमान स्वतःच्या पायावर उडू शकेल का, हे त्या तीन वर्षांत ठरतं.

उत्तर प्रदेशातला कुशीनगर विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये बौद्ध यात्रेकरूंसाठी मोठ्या थाटात सुरू झाला आणि पुढे नियमित विमानांशिवाय राहिला. अयोध्येचा महर्षी वाल्मीकी विमानतळ 30 डिसेंबर 2023 रोजी, राममंदिरातल्या प्राणप्रतिष्ठेच्या आधी तीन आठवडे खुला झाला. पहिल्या महिन्यांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून थेट विमानं आली, आणि काही महिन्यांतच त्यांतली काही बंदही झाली. भक्ती आटली नव्हती. उत्सवाच्या लाटेवर आखलेलं वेळापत्रक साध्या दिवसांना झेपलं नव्हतं.

सोलापूरचं उदाहरण वेगळ्या कारणाने लक्षात राहतं. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर अशा चार दिशांना तीर्थं असलेलं हे शहर. बोरामणीला नव्या विमानतळासाठी जमीन घेतली गेली, पण माळढोकाशी जोडलेल्या वनजमिनीच्या तुकड्यापाशी ती योजना अडली. मग जुन्या होटगी रोड विमानतळाचा विचार झाला, तर तिथे श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची नव्वद मीटरच्या आसपास उंचीची चिमणी विमानाच्या वाटेत येत होती. हजारो ऊस उत्पादक सभासदांचा कारखाना एका बाजूला आणि शहराची विमानसेवा दुसऱ्या बाजूला, असा वाद वर्षानुवर्षं चालला. 15 जून 2023 रोजी चिमणी पाडली गेली. गोव्याचं नियमित विमान उडालं त्यानंतर दोन वर्षांनी, जून 2025 मध्ये. मोकळ्या आकाशाची जी अट काकडीत नकाशावर पाळता आली, तीच सोलापुरात चिमणी पाडून पाळावी लागली.

केरळमध्ये शबरीमलेसाठी एरुमेलीजवळ चेरुवल्ली मळ्यात विमानतळ आखला आहे. त्यासाठी 2570 एकरांची मागणी झाली आणि मळ्याच्या मालकीचा वाद न्यायालयात गेला. शबरीमलेचा मुख्य हंगाम मंडलकाळाच्या सुरुवातीपासून मकरविळक्कूपर्यंत, म्हणजे साधारण दोन महिने. उरलेल्या दहा महिन्यांत त्या पट्टीवर कोण उतरणार, याचं उत्तर आखाती देशांत राहणाऱ्या मध्य केरळच्या कुटुंबांत शोधलं जातं. निदान तो प्रश्न तिथे आधी विचारला गेला.

मंगळवारचं गणित

शिर्डीत गुरुवार हा बाबांचा वार. त्या रात्री पालखी निघते, गावात पाय ठेवायला जागा नसते. शनिवार-रविवारही तसेच. साधा मंगळवार मात्र वेगळा असतो. विमान कंपनीचा माणूस गर्दीचा गुरुवार पाहून भारावत नाही, तो मंगळवारच्या रिकाम्या जागा मोजतो. विमान, कर्मचारी, इंधन यांचा खर्च दोन्ही दिवशी तितकाच असतो. तीर्थक्षेत्राच्या विमानतळाची आखणी मंगळवार डोळ्यापुढे ठेवून झाली, तर तो टिकतो. मंगळवारी जागा कोण भरेल? अंबडचा उद्योजक, निफाड-दिंडोरीचा द्राक्ष निर्यातदार, नाशिकला शिकायला आलेला विद्यार्थी, उपचारांसाठी हैदराबाद-चेन्नई गाठणारं कुटुंब. भाविक आणि हे सगळे एका विमानात बसले, तरच वेळापत्रक वर्षभर चालतं.

नाशिक-त्र्यंबकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत हे गणित सगळ्यात जास्त विसरलं जाण्याचा धोका आहे. जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला, अमृतस्नानं 2 ऑगस्ट, 31 ऑगस्ट आणि नाशिकला 11 तर त्र्यंबकला 12 सप्टेंबर 2027 ला, आणि ध्वजावतरण 24 जुलै 2028 ला. त्या तीन स्नानांच्या दिवशी लाखोंनी माणसं गोदाकाठी असतील. आता सोपा हिशेब करून पाहावा. ओझरला दिवसात 180 आसनांची चाळीस विमानं भरून उतरली, तरी माणसं होतात 7200. रामकुंडाच्या गर्दीत हा आकडा दिसणारही नाही. बाकीचे सगळे नाशिकरोड आणि देवळालीच्या गाड्यांनी, एसटीने, समृद्धी महामार्गाने आणि पायी येणार. 2003 च्या सिंहस्थात 27 ऑगस्टला झालेल्या चेंगराचेंगरीत 39 जणांचा जीव गेला, तो रस्त्यावरच्या गर्दीत. भाविकाच्या जिवाची काळजी करणाऱ्या आखणीत पहिला पैसा आणि पहिली नजर त्या रस्त्यांवर हवी.

मग विमानतळाने सिंहस्थात काय करावं? त्याची खरी कसोटी धावपट्टीवर लागणार नाही, विमानं उभी करण्याच्या फरशीवर लागेल. उतरलेलं विमान पाऊण तासात परत उडालं तर ठीक. त्याला जागाच मिळाली नाही, तर पुढचं विमान आकाशात घिरट्या घालतं किंवा मुंबईकडे वळतं. ओझरच्या पट्टीवर लढाऊ विमानांच्या चाचण्याही असतात, म्हणून तिथे समांतर दुसऱ्या पट्टीचा विषय पुढे आला. स्नानाच्या दिवसांत ओझरने प्रवासी उतरवावेत आणि रिकामी विमानं काकडीच्या फरशीवर जाऊन थांबावीत, असं दोघांचं एकत्रित वेळापत्रक बसवता येईल. दोन जिल्हे, संरक्षण खात्याखालची एक कंपनी आणि राज्याची दुसरी कंपनी यांना त्यासाठी एका टेबलाशी बसावं लागेल. प्रयागराजला 2025 च्या कुंभात विमानभाडी गगनाला भिडली, तेव्हा केंद्राने ऐन वेळी कंपन्यांना फेऱ्या वाढवायला सांगितलं होतं. नाशिकला ती बोलणी आधीच करता येतील.

पावसाचाही विचार हवा. तिन्ही अमृतस्नानं ऑगस्ट-सप्टेंबरातली आहेत, म्हणजे त्र्यंबकच्या डोंगरांवर ढग उतरलेले असण्याच्या दिवसांतली. 2019 च्या धुक्याने काकडीला जे शिकवलं ते पावसालाही लागू पडतं. ढगांतूनही विमान सुखरूप खाली आणणारी उपकरणं दोन्ही ठिकाणी चालू आणि तपासलेली असतील, तरच ही जोडी कामाची.

आणि 12 सप्टेंबर 2027 नंतरचं काय? त्र्यंबकचं शेवटचं अमृतस्नान झाल्यावर सात आठवड्यांनी, 31 ऑक्टोबर 2027 च्या रविवारपासून, विमान कंपन्यांचं हिवाळी वेळापत्रक लागू होईल. त्याचे अर्ज त्याच्या काही महिने आधीच, सिंहस्थाची धावपळ चालू असताना दाखल होतात. नाशिक-चेन्नई, नाशिक-बंगळूर, शिर्डी-हैदराबाद या मार्गांसाठी निमा-आयमाने, साईबाबा संस्थानाने आणि कुंभमेळा प्राधिकरणाने मिळून कंपन्यांपुढे जायचं असेल, तर त्याची बैठक 2027 च्या उन्हाळ्यात व्हायला हवी. त्या बैठकीत स्नानाच्या दिवसांची गर्दी बाजूला ठेवून नोव्हेंबरातल्या साध्या मंगळवारचे प्रवासी मोजून न्यावेत, आणि काकडीच्या ग्रामपंचायतीलाही एक खुर्ची द्यावी.